ताव ओळखणारी हनुवटी

...आणि मग एकदाची ती दाढ बाहेर आली. काल आपण तिथंच थांबलो होतो. दातांच्या डॉक्टरचा एक गुडघा खुर्चीला टेकलेला, खुर्चीत आपला थर्मामीटर डोळे घट्ट मिटून बसलेला, आणि दोघांपैकी जास्त घाम कुणाला फुटलाय ते सांगणं कठीण. डॉक्टर तरुण, नुकताच धंद्याला लागलेला. त्यानं ती दाढ चिमट्यात धरून उजेडात गोल फिरवली आणि पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बघा आजोबा, मुळं कशी आकड्यासारखी वळलीत! उगाच नाही तासभर लागला."

आजोबांनी बघितली. आपल्याच तोंडात राहिलेली वस्तू इतकी कुरूप असावी याचं त्याला जरा वाईट वाटलं.

"खालचा ओठ आणि हनुवटी, डावीकडं, बधिर वाटेल," डॉक्टर हात धुता धुता म्हणाला. "दोन तासांत उतरेल. तोवर गरम काही पिऊ नका. भाजलं तरी कळायचं नाही."

भाजलं तरी कळायचं नाही, हे तो सहज बोलून गेला, आणि आपला माणूसही सहज मान हलवून, गालात कापसाचा बोळा धरून घरी आला. आता या माणसाला थर्मामीटर का म्हणत, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

तो लोकर विंचरायचा. हातानं, यंत्रबिंत्र काही नाही. एकतीस वर्षं. एका रंगाऱ्याचा कारखाना होता, खाली रंगाचे हौद आणि माडीवर एक लांबट खोली. त्या खोलीत तीन लाकडी खांब, आणि प्रत्येक खांबाला छातीच्या उंचीवर एकेक फणी ठोकलेली. फणी म्हटल्यावर डोक्यात फिरवायची ती डोळ्यांपुढं आणू नका. वीतभर लांब पोलादी दात, दोन रांगांत, टोकाशी सुईसारखे. पाय घसरून त्यावर पडलेला माणूस पुन्हा कधी पाय घसरू देत नसे. अशीच दुसरी फणी मुठीसकट हातात. धुतलेली, जराशी ओलसर लोकर घ्यायची, तिच्या बटा खांबावरच्या फणीवर एकेक करून चढवायच्या, आणि मग हातातली फणी वरून फिरवायची. आधी नुसती टोकाटोकाला, मग हळूहळू आत. लोकर या फणीवरून त्या फणीवर जाते, तिथून परत हिच्यावर येते, आणि दर खेपेला काड्या, कुसळं, गाठी, आखूड तंतू सगळे दातांच्या बुडाशी मागं राहतात. लांब तंतू तेवढे एका दिशेला तोंड करून शहाण्यासारखे उभे राहतात. शेवटी शिंगाची एक चकती असते, तिला भोक, त्या भोकातून ते तंतू हलक्या हातानं ओढायचे, की अंगठ्याएवढी जाड, मऊ पट्टी निघत राहते. तिचा गोळा करायचा, गोळ्याला ज्याच्या त्याच्या खुणेच्या रंगाचा दोरा बांधायचा आणि खाली कातायला द्यायचा.

पण गार फणी लोकरीत शिरत नाही. लोकरीच्या अंगात एक तेलकटपणा असतो, धुतली तरी थोडा उरतोच, आणि तो गार दाताला चिकटून बसतो. तशीच ओढली तर तंतू तुटतात. म्हणून मधोमध एक शेगडी ठेवलेली, तिच्यात फण्या तापायच्या. कमी तापली तर लोकर तुटते, जास्त तापली तर करपते. आणि दिसेल इतकी करपली तर बरं, नाक तरी ओरडेल. थोडीशी, हळूच, आतल्या आत करपलेली लोकर वरून पांढरीशुभ्रच दिसते. म्हणून मधला जो ताव असतो, तो नेमका कळायला हवा.

तर हा ताव या माणसाला खालच्या ओठाच्या खाली, डावीकडं, जिथं हनुवटीत छोटी खळी असते ना, तिथं कळायचा. फणी शेगडीतून काढायची, खळीपासून बोटभर लांब धरायची, एक श्वास घ्यायचा. "थांब," म्हटलं की फणी हवेत धरून ठेवायची. "अजून," म्हटलं की परत निखाऱ्यांत. आणि "हो," म्हटलं की ती फणी अशी लोकरीत जायची, जशी न्हाऊन आलेल्या केसांतून जाते. बाकीच्या दोन खांबांवर दोन सख्ख्या जावा काम करायच्या, थोरली आणि धाकटी. त्या दोघींच्या फण्याही आधी त्याच्या हनुवटीपुढून जायच्या. आधी त्याचा "हो", मग लोकर.

रंगाऱ्यानं एकदा, फार वर्षांपूर्वी, हौदातला काचेचा थर्मामीटर वर आणून फणीला लावून बघितला होता. काच तडकली, पारा फरशीच्या फटींत पळाला, आणि आठवडाभर धाकटी झाडूनं पाऱ्याचे गोळे गोळा करत होती आणि ते पुन्हा निसटत होते. तेव्हा रंगारी वैतागून म्हणाला, "जाऊ द्या मसणात! माझा थर्मामीटर हा इथं बसलाय." तेच नाव पडलं.

गल्लीतही हेच नाव. गल्लीतल्या बायका बाळांच्या दुधाच्या बाटल्या घेऊन यायच्या, "काका, बघा हो जरा." तो बाटली हनुवटीशी न्यायचा आणि म्हणायचा, "दोन मिनिटं थांबा," किंवा "द्या बिनधास्त." कुणाचं पोर तापलं की त्याच्या कपाळाला आधी याची हनुवटी लागायची आणि मग डॉक्टरचा हात. त्या खळीचं त्याला केवढं कौतुक! बाकी गालांवर चार-चार दिवस दाढी वाढलेली असली तरी तेवढी जागा रोज सकाळी वस्तऱ्यानं लखलखीत. बायको म्हणायची, "अहो, तोंडावर एवढं शेत पसरलंय, आणि तुम्ही मधली तेवढी पायवाट साफ ठेवता."

अशा माणसाची ती जागा बधिर झाली. दोन तासांत उतरायची होती.

दोन तास झाले. चार झाले. तो घड्याळापुढं बसून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना बायको आतून ओरडली, "अहो, रक्त!" त्यानं आरशात बघितलं तर खळीतून रक्ताची धार गळ्यापर्यंत पोचलेली, आणि त्याला पत्ता नाही. चहा प्यायला तर तोही डाव्या कोपऱ्यातून शर्टावर.

"कप तुटकाय," तो म्हणाला.

बायकोनं कप उचलून उजेडात धरला, आतून बाहेरून फिरवून बघितला आणि त्याच्या मांडीवर फडकं टाकलं.

तो कामाला गेला. शेगडी पेटली होती. पहिली फणी काढली, खळीशी धरली, श्वास घेतला. काही नाही. गार नाही, गरम नाही, काहीच नाही. एखाद्या भिंतीला फणी दाखवावी तसं. धाकटी नेहमीप्रमाणं कालची काहीतरी भानगड सांगत होती, थोरली हात पुढं करून उभी होती.

"काका, हो का?"

तो म्हणाला, "हो."

असं का म्हणाला, हे नंतर त्यानं स्वतःला कितीदा तरी विचारलं. उत्तर साधं होतं. "हो" म्हणायची त्या तोंडाला इतकी सवय झाली होती की "कळत नाही" हा शब्द त्याच्या जिभेवर आधी कधी बसलेलाच नव्हता. आणि दुपारपर्यंत येईल, असंही वाटलं. डॉक्टरनं दोन तास सांगितले होते, आपल्याला दोन दिवस लागतील, एवढंच. आपलं सगळंच जरा उशिरा होतं. दाढही उशिरा आली होती आणि गेलीही उशिरा.

दोन दिवस झाले. मग तो अंदाजावर आला. निखारे किती लाल आहेत ते बघायचा. मनात साठपर्यंत आकडे मोजायचा, पण कोळसा कधी चांगला, कधी ओला, साठ म्हणजे रोज वेगळेच साठ. पाण्याचा थेंब टाकून बघितला, तो चुरचुरला, पण थेंब तर कमी तापलेल्या फणीवरही चुरचुरतो आणि जास्त तापलेल्या फणीवरही. मग त्यानं उजवी बाजू वापरून बघितली. तिथं सगळं कळत होतं, पण ती बाजू जन्मात कधी कामाला लागलेली नव्हती. फणी हातभर लांब असतानाच "भाजलं, भाजलं" म्हणून मागं सरायची. तिला विचारून "हो" म्हणायचं म्हटलं असतं तर सगळ्या फण्या गारच निघाल्या असत्या. त्यानं चार-पाच दिवस तिला शिकवायचा प्रयत्न केला, खोलीत कुणी नसताना, जेवायच्या सुट्टीत. ती काही शिकली नाही. साठीला आलेली हनुवटी.

स्वतःच्या खांबावर तर त्यानं मुद्दाम फणी गारच वापरायला सुरुवात केली. तुटली तर तुटली, करपणार तर नाही. चांगली लोकर तटातट तुटायची आणि तो आपला खाली मान घालून ओढत राहायचा.

घरी तो आरशापुढं उभा राहून खळीवर बोटानं टिचकी मारायचा. एकदा, दोनदा, तीनदा. एखाद्याच्या दारावर मारावी तशी.

"आलं का कुणी बाहेर?" बायकोनं एकदा मागून विचारलं.

तो दचकला. "डास होता."

मग आठवड्याभरानं शेजारची सून बाळ कडेवर आणि बाटली हातात घेऊन दारात आली. "काका, फार गरम झालंय का हो? हा नुसता रडतोय." बाळ खरंच रडत होतं, तोंड एवढं मोठं उघडून. तो उठला. बाटली हातात घेतली. हनुवटीपर्यंत नेली. आणि तिथंच थांबला. फणीला "हो" म्हणणं वेगळं. फणीच्या पलीकडं लोकर असते. इथं त्या रबराच्या बोंडाच्या पलीकडं ते उघडं तोंड होतं, दात नसलेलं, गुलाबी.

"काका?"

बाटली तशीच हनुवटीशी धरलेली. मग बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, त्याच्या हातातून बाटली काढून घेतली, दोन थेंब स्वतःच्या मनगटावर टाकले आणि म्हणाली, "दे गं, बरोबर आहे. ह्यांना सर्दी झालीय, बाळाला नको लागायला."

शेजारीण गेली. बायकोनं दार लावलं. आणि पाट पुढं ओढून त्याच्या समोर बसली.

"कधीपासून?"

"दाढ काढली तेव्हापासून."

"आणि तिथं माडीवर काय करता मग?"

"अंदाजानं."

"सांगा की त्यांना."

"सांगून काय होणार आहे? येईल ते परत."

"न सांगून काय होतंय, ते तर बघताय ना?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अहो, तुम्ही म्हणजे काय फक्त तेवढी खळी आहात का?"

तिनं हे धीर द्यायला म्हटलं होतं. पण तो ते खरंच शोधायला लागला. तिथल्या लोकांसाठी तो दुसरं काय होता, हे त्याला खरंच आठवेना.

तिनंच त्याला पुन्हा डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरनं कापसाचा बोळा फिरवला, "जाणवतंय?" टाचणी टोचली, "हे?" तो डोळे मिटून बसला होता, त्यानं विचारलं, "काय हे?" डॉक्टरचा चेहरा थोडा उतरला. म्हणाला, "नस दुखावलीय आजोबा. मुळं फार वाकडी होती. येईल. काहींना आठवड्यात येतं, काहींना महिने लागतात." मग खरं बोलायचं म्हणून खालच्या आवाजात, "काहींना नाहीही येत. पण त्यानं तसं काही बिघडत नाही. तुमचं काही अडतंय का?"

आता बघा, इथं हा माणूस चुकला. चुकला म्हणजे लाजला. डॉक्टरच्या त्या पांढऱ्या खोलीत, चकचकीत दिव्याखाली, मी हनुवटीला लोखंड लावून पोट भरतो हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं. दाढ काढायच्या आधीही डॉक्टरनं विचारलं होतं, मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयाचं काही? तो प्रत्येकाला नाही म्हणाला होता. हनुवटीचं काही काम असतं का, असं डॉक्टरनं विचारलं नाही, आणि त्याला सांगावंसं सुचलं नाही. गवयी असता तर गळ्याचं सांगितलं असतं.

"नाही, अडत नाही," तो म्हणाला. "चहा सांडतो तेवढाच."

"रुमाल ठेवा जवळ," डॉक्टर म्हणाला.

असे बावीस दिवस गेले. त्या वर्षीची लांब लोकर तेव्हाच आली होती. वर्षातून एकदाच येणारी, हातभर लांब बटांची, हातात घेतली तर पाण्यासारखी खाली घसरणारी. सगळं वर्ष ज्या लोकरीची वाट बघायची ती हीच.

बाविसाव्या दिवशी सकाळी तो माडीवर आला तर धाकटीनं त्याच्याकडं बघितलं, परत बघितलं आणि तिची बडबड थांबली. तिची बडबड थांबणं म्हणजे कारखान्याचा भोंगा बंद पडण्यासारखं.

"काका, हनुवटीवर काय लागलंय हो?"

"कुठं?"

"इथं. लाल ठिपके. एक, दोन... पाच आहेत."

"डास चावले."

"पाच डास?" धाकटी म्हणाली. "आणि तेही एका रांगेत? तिकीट काढून आले होते का?"

ती हसली, मग हसता हसता थांबली. थोरली मुळातच कमी बोलायची. ती शेगडीकडं बघत होती. शेगडीत फण्या होत्या. फण्यांचे दात एका रांगेत होते, आणि दोन दातांत जेवढं अंतर होतं, तेवढंच दोन ठिपक्यांत होतं.

त्यानं हात वर नेऊन चाचपलं. बोटाला उंचवटे लागले, हनुवटीला बोट लागलं नाही. आरशात बघायचं तर त्यानं हल्ली सोडलंच होतं. म्हणजे आदल्या दिवशी केव्हातरी, फणी जवळ, अजून जवळ नेता नेता ती टेकली होती. पोलाद कातडीला टेकलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. तो वर बघेना. थोरलीनं त्या दिवशीही फणी त्याच्यापुढं धरली, तो म्हणाला, "हो," आणि ती फणी हातात धरून बरीच उभी राहिली, लोकरीत घालेना. त्यानं ते पाहिलं. आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी रंगारी माडीवर आला. हा माणूस कधी वर येत नसे, गुडघे दुखतात म्हणून. कोपरापर्यंत निळा, हातात सुताच्या दोन-तीन लड्या. त्यानं त्या खिडकीच्या खुंटीला टांगल्या आणि बाजूला झाला.

"बघा," तो म्हणाला. "बघा आणि मला सांगा हे काय आहे."

गडद निळा रंग होता. सुरेख. आणि त्या निळ्यात काळसर रेघा, थोड्याथोड्या अंतरावर, कुणी काजळाचं बोट ओढत गेल्यासारख्या.

"करपलेली लोकर," रंगारी म्हणाला. "ती रंग अधाशासारखी पिते. कातताना कळत नाही, धुताना कळत नाही, रंगात गेली की बोंबलते. वर्षाची लांब लोकर! आणि हे सगळे लाल दोऱ्याचे गोळे आहेत."

लाल दोरा थोरलीचा.

धाकटीचा पांढरा होता, आणि तिचं सूत साफ निघालं होतं. त्याचं कारण कुणाच्या ध्यानात यायचं नाही, पण थर्मामीटरच्या लगेच आलं. धाकटी फणी हातात घेतली की आधी गोष्ट पुरी करायची. तिच्या नणंदेची, नाहीतर जिन्यातल्या मांजरीची. तेवढ्यात फणी आपोआप निवायची. थोरली मात्र त्याचा "हो" कानात पडला रे पडला की फणी लोकरीत घालायची. एक श्वासही वाया घालवायची नाही. बोलघेवडी वाचली होती आणि ज्या बाईनं त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास टाकला होता, तिचीच लोकर करपली होती.

"उद्यापासून तू खाली," रंगारी थोरलीला म्हणाला. "धुण्याच्या हौदावर. वर पुन्हा कधी यायचं ते मी सांगेन."

हौदावर तिनं आधी चार वर्षं काढली होती. गार पाणी, तेलकट गाळ, आणि हिवाळ्यात बोटांना अशा भेगा पडायच्या की तिला वेणी घालता यायची नाही, धाकटी घालून द्यायची. तिनं रंगाऱ्याकडं बघितलं नाही. थर्मामीटरकडं बघितलं. रागानं नव्हे. नुसतं त्याच्या हनुवटीकडं. ती काही बोलणार नव्हती, हे त्याला दिसलं. ते बोलणं तिचं नाही, त्याचं आहे, असं ठरवून ती गप्प उभी होती.

त्यानं तोंड उघडलं. खालचा ओठ हलतोय की नाही हेही त्याला कळेना.

"मालक."

"तू मधे पडू नकोस. तुझे गोळे बघितलेत मी, निम्मे तंतू तुटलेले. म्हातारा झालास."

"तिचा हात चुकलेला नाही. फणीच जास्त तापलेली होती."

"तेच तर मी म्हणतोय! जास्त तापलेली फणी हिनं घातली कशाला?"

"मी हो म्हटलं म्हणून."

रंगारी थांबला. "म्हणजे? हो तर तूच म्हणतोस. एकतीस वर्षं तूच म्हणतोस."

"एकतीस वर्षं कळत होतं. आता बावीस दिवस झाले, अंदाजानं म्हणतोय."

धाकटीच्या हातात फणी होती, ती तशीच गार होत गेली, आणि तिनं या खेपेला कसलीही गोष्ट सांगितली नाही. रंगारी गुडघे सांभाळत त्याच्याजवळ आला, वाकला, त्या पाच ठिपक्यांकडं नीट बघितलं. मग आपलं निळं बोट त्याच्या खळीवर दाबलं.

"हे कळतं?"

"तुमचं बोट दिसतंय."

"दिसतंय ते मलाही दिसतंय. कळतं का?"

"नाही."

रंगाऱ्यानं बोट काढलं. हनुवटीवर निळा ठसा राहिला. "डॉक्टर काय म्हणतो?"

"रुमाल ठेवा म्हणतो."

रंगाऱ्याला हसू आलं, आणि त्याचाच राग येऊन तो खेकसला, "आणि तू बावीस दिवस तोंड शिवून बसलास? माझी वर्षाची लोकर घालवलीस? एक शब्द बोलला असतास तर!"

"रोज वाटायचं, उद्या येईल."

रंगारी लोकरीच्या पोत्यावर मटकन बसला. तो वाईट माणूस नव्हता. रेघा पडलेल्या लड्यांकडं बघत बसला, आणि त्याला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. रंग उतरवता येत नाही, करपलेलं परत येत नाही. शेवटी तो थोरलीला म्हणाला, "तू इथंच राहा." आणि थर्मामीटरला म्हणाला, "तू उद्यापासून निवडायला बस. बटा वेगळ्या कर, काड्या काढ. पण आत्ता आधी हिला शिकव. ताव कसा कळतो ते सांग. तुला कळत नसेल, पण माहीत तर आहे ना?"

"आहे की," तो म्हणाला.

आणि सांगायला लागला. "म्हणजे असं बघ, फणी बोटभर लांब धरायची. मग श्वास घ्यायचा. मग... भाजत नाही. नुसती ऊब लागते असंही नाही. असं वाटतं की..."

तो थांबला. पुन्हा सुरू केलं. "जास्त झाली असेल तर टोचतं. टोचतं म्हणजे टोचत नाही. कमी असेल तर... आणि बरोबर असेल तर..." त्यानं डोळे मिटले. एकतीस वर्षं दिवसातून शंभर वेळा जे कळलं होतं, ते नेमकं कसं होतं हे तो मनात शोधू लागला. एखाद्याचं नाव ओठांवर असावं आणि येऊ नये, तसं नव्हे. नाव कधी घेतलेलंच नव्हतं. ते सगळं त्या नाण्याएवढ्या कातडीत राहायचं, कधी शब्दांत आलंच नव्हतं, आणि आता कातडीतूनही गेलं होतं. रंगारी वाट बघत होता. धाकटीनं हळूच म्हटलं, "राहू द्या काका, बसा जरा," आणि स्टूल पुढं केलं. तो बसला नाही. हात हवेत, बोटं एखादी चिमूट मिठाची धरावी तशी.

मग थोरलीनंच शेगडीतली फणी काढली. त्याच्या खांबापाशी आली, त्याच्या समोर उभी राहिली आणि फणी स्वतःच्या हनुवटीशी नेली, डावीकडं, बोटभर लांब. एक श्वास घेतला. फणी जराशी मागं नेली. पुन्हा जवळ आणली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग एकेक करून गेल्या.

"काका," ती म्हणाली, "भाजत नाही. पण कुणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतंय. असंच वाटतं का? हो म्हणू का मी?"

तो तिच्या हनुवटीकडं बघत राहिला. मग आपल्या निळ्या ठशावर बोट ठेवून म्हणाला, "तुला वाटतंय ना तसं, मग म्हण की पोरी हो. मला कशाला विचारतेस? इथं आता घरी कुणी नसतं."